सोलला जाताना मराठी बरोबर न्यावी

सोलमधल्या कुठल्याही छोट्या दुकानात रोज घडत असेल असा हा प्रसंग. गिऱ्हाईक परदेशी. मोज्यांचे जोड घेऊन झाले, पैसे देऊन झाले, आणि दाराशी पोचल्यावर ते वळून विमानात घोकलेलं कोरियन वाक्य म्हणतं, ‘आन्न्यॉङही गासेयो.’ गल्ल्यावरची बाई क्षणभर थबकते, हसू दाबते आणि मान लववते. उच्चार नीट, वाक्य शुद्ध, पण अर्थ ‘सुखरूप जा’. ती कुठं जाणार? दुकान तिचं आहे. निघणाऱ्यानं मागं राहणाऱ्याला म्हणायचं ते ‘आन्न्यॉङही गेसेयो’, सुखानं राहा. गा आणि गे, एका मात्रेचं अंतर. पर्यटकांच्या पुस्तिकेत दोन्हींसमोर एकच ‘गुडबाय’ छापलेलं असतं, म्हणून शिकणारा जिभेला सोपं वाटेल ते एक उचलतो. चूक किरकोळ आहे, कुणी रागावत नाही. टोचतं ते वेगळंच. हा भेद मराठी माणसाला परका का वाटावा? घरातून निघताना ‘जातो’ म्हटलं की मोठी माणसं ताबडतोब ‘येतो म्हण’ असं दटावतात, अशा भाषेत आपण वाढलेलो असतो. सोलच्या घरगुती गेस्टहाउसमधून सकाळी बाहेर पडताना ‘तान्यॉओल्केयो’ म्हणतात, म्हणजे शब्दाला शब्द ‘जाऊन येतो’. मालकीणबाई ‘तान्यॉओसेयो’ म्हणतात, ‘जाऊन या’. आपल्याला हे शिकवावं लागत नाही, आठवण करून दिली की पुरतं.

मग इंग्रजीला मध्ये घालायचं कशाला?

निरोपाचं पुरं करून टाकू. रस्त्यात दोघेही आपापल्या वाटेनं निघाले, तर दोघांनीही ‘गासेयो’. फोन ठेवताना मोठ्या माणसाला ‘तुरॉगासेयो’ म्हणतात. शब्दशः ‘आत जा’, मग तो माणूस आधीपासून घरातच का बसलेला असेना. दुकानातून निघताना किंवा टॅक्सीतून उतरताना तिथले लोक ‘सुगोहासेयो’ म्हणतात, आपल्या ‘चालू द्या’च्या जवळ जाणारं. वयानं बऱ्याच मोठ्या माणसाला ते म्हणू नये असं मानणारे पुष्कळ आहेत, कारण त्यात ‘कष्ट करा’ असा सूर लागतो. शंका आली तर सरळ ‘काम्साहाम्निदा’ म्हणून वाकावं. ते कुठंही चालतं.

आता लिपी. चार दिवसांच्या सहलीला लिपी कशाला, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. राजा सेजोंगच्या दरबारात १४४३ मध्ये तयार झालेली आणि १४४६ मध्ये जाहीर झालेली ही हांगुल लिपी सामान्य माणसाला पटकन यावी म्हणूनच बनवली होती, आणि ती तशी येतेही. मूळ व्यंजनं १४, मूळ स्वर १०. व्यंजनांचे आकार तोंडातल्या जागेवरून घेतलेले: ‘न’ काढताना जीभ जशी टाळ्याकडे वळते तसा ‘न’चा कोन, मिटल्या ओठांचा ‘म’ म्हणजे चौकोन, आणि कंठाचं गोल वर्तुळ. हे वर्तुळ अक्षराच्या सुरुवातीला असलं तर मुकं असतं, शेवटी आलं तर त्याचा ‘ङ’ होतो. उभ्या रेघेचे स्वर व्यंजनाच्या उजवीकडे बसतात, आडव्या रेघेचे खाली, आणि अक्षर व्यंजनानं संपत असेल तर ते तळाला जातं. बाराखडी गिरवलेल्या माणसाला स्वर व्यंजनाला चिकटून वेगवेगळ्या बाजूंना बसतो ही कल्पना नवी नाही. रोज अर्धा तास दिला तर आठवड्याभरात पाट्या वाचता येतात. पाटी वाचता आली की मेनूकार्ड वाचता येतं, आणि शाकाहाऱ्याचं निम्मं दुखणं तिथंच असतं. त्याकडे मी येणारच आहे.

रोमन लिपीतून शिकण्याचा तोटा पहिल्याच शब्दात दिसतो. कोरियन सरकारनं २००० साली ठरवलेल्या रोमन पद्धतीत एका स्वरासाठी ई आणि ओ ही दोन अक्षरं जोडून लिहितात. तो स्वर ‘इओ’ नाही आणि ‘एओ’ही नाही. ओठ गोल न करता, जबडा जरा खाली सोडून काढलेला, अ आणि ऑ यांच्या मधला तो आवाज आहे. राजधानीचं नाव ‘सॉ-उल’. आपल्या वर्तमानपत्रांतलं ‘सेऊल’ हे त्या रोमन अक्षरांची चुकीच्या जागी फोड करून आलंय. (रूढ झालंय म्हणून मीही ‘सोल’ लिहितोय, तेही बरोबर नाहीच.) या लेखात ‘ऑ’ दिसेल तिथं हा स्वर धरावा. दुसरा अवघड स्वर आडव्या रेघेचा: जीभ ‘उ’ची आणि ओठ ‘ई’चे, ताणलेले. देवनागरीत त्याला जागा नाही, इथं तो ‘उ’नंच भागवलाय. रांजणगावला एलजी आणि तळेगावला ह्युंदाई असल्यामुळे पुण्याकडच्यांना कोरियन नावं सवयीची आहेत, पण तिकडे टॅक्सीवाल्याला ‘ह्युंदाई’ सांगून तो बुचकळ्यात पडला तर नवल नाही. त्याच्यासाठी ते ‘ह्यॉन्दे’ आहे, आणि सॅमसंग ‘साम्सॉङ’.

व्यंजनांत मात्र आपण श्रीमंत आहोत. इंग्रजी बोलणाऱ्याला क आणि ख वेगळे ऐकू यायला महिने जातात. आपल्याला ख, थ, फ, छ फुकट मिळतात, फक्त ‘फ’ दोन्ही ओठ मिटून, जुन्या वळणाचा काढायचा. कोरियनमध्ये इंग्रजी ‘एफ’ नाहीच, म्हणून कॉफी तिथं ‘खॉफि’ आणि कार्ड ‘खादु’. च-जचा उच्चार चिमणीतल्या ‘च’चा ठेवायचा, चमच्यातल्या नव्हे. अडचण येते ती तिहेरी भेदात. साधं, महाप्राण आणि ताणलेलं अशी व्यंजनांची तीन रूपं आहेत. महाप्राण म्हणजे आपला ख. ताणलेलं म्हणजे ‘पक्का’, ‘गप्प’, ‘सत्ता’ यांतलं जोडव्यंजन, फक्त शब्दाच्या सुरुवातीलाच घट्ट धरून सोडलेलं. आणि साधं व्यंजन शब्दारंभी हलक्या श्वासाचं ‘क’, तर दोन स्वरांच्या मध्ये आलं की ‘ग’. म्हणून तेच अक्षर एकदा ‘क’ ऐकू येतं आणि एकदा ‘ग’, आणि शिकणारा चिडतो. ‘ताल’ म्हणजे चंद्र, ‘थाल’ म्हणजे मुखवटा, ‘त्ताल’ म्हणजे मुलगी. ‘पाङ’ म्हणजे खोली आणि ‘प्पाङ’ म्हणजे पाव. हा पावही आपल्या पावासारखाच पोर्तुगीजांकडून आलाय, फक्त जपानमार्गे. बेकरीत ओठ घट्ट मिटून, हवा न सोडता ‘प्पाङ’ म्हटलं नाही तर आपण खोली मागतोय.

आणि मग ती गंमत, जी मराठी शाळेत शिकलेल्यालाच खऱ्या अर्थानं कळेल. ‘काम्साहाम्निदा’ लिहितात ‘काम्-सा-हाप्-नि-दा’, पण वाचतात ‘हाम्निदा’. इंग्रजी पुस्तकं इथं अपवाद म्हणून हात झटकतात. आपण सहावी-सातवीत ‘वाक् + मय = वाङ्मय’, ‘जगत् + नाथ = जगन्नाथ’ घोकलेलं असतं. तोच नियम. पुढं न किंवा म आला की क् चा ङ, त् चा न, प् चा म. ‘जेवलात का?’ हा तिकडेही नुसता नमस्काराचा प्रश्न आहे, त्याच्या उत्तरावर जेवणाचं आमंत्रण अवलंबून नसतं. तो लिहिताना ‘पाप् मॉगॉस्सॉयो’ आणि बोलताना ‘पाम् मॉगॉस्सॉयो’. ‘दारू पिता येत नाही’ हे ‘मोत् माश्यॉयो’ लिहून ‘मोन् माश्यॉयो’ म्हणतात. सिन् + ला या जुन्या राज्याचं नाव ‘सिल्ला’ होतं, तल्लीनच्या चालीवर. सोलच्या मध्यवस्तीतला जोङ + रो ‘जोङ्नो’ होतो. मोरो केशव दामले यांचं व्याकरण ज्यांनी कधी उघडलंय त्यांनी कोरियन पाट्या वाचायला एक दिवसही लावू नये, असं मला थट्टेनं म्हणावंसं वाटतं.

वाक्यरचनेत तर हे साम्य इतकं आहे की कधीकधी संशय येतो. क्रियापद शेवटी, विभक्ती शब्दाच्या मागं. ‘मुल चोम जुसेयो’: पाणी, जरा, द्या. मधलं ‘चोम’ म्हणजे आपलं मनधरणीचं ‘जरा’, तसंच, त्याच जागी. ‘इगॉ जुसेयो’: हे द्या. पुढं क्रियापदाला क्रियापद जोडायची जी सवय आपल्याला आहे, तीही तशीच. ‘मॉगॉ बोसेयो’ म्हणजे ‘खाऊन बघा’. ग्वांगजांगच्या बाजारात आजीबाई टोकावर धरलेला तुकडा पुढं करून हेच म्हणतात. ‘साजिन च्चिगॉ जुसेयो’ म्हणजे ‘फोटो काढून द्या’. बसच्या मागच्या दाराशी अडकलात तर ‘मुन यॉरॉ जुसेयो’, दार उघडून द्या. आणि सर्वात कामाची जोडी ‘-दो द्वेयो’. ‘द्वेयो’ म्हणजे चालेल, ‘-दो’ म्हणजे तरी. ‘इबॉ ब्वादो द्वेयो?’ घालून बघितलं तरी चालेल? ‘यॉगि आन्जादो द्वेयो?’ इथं बसलं तरी चालेल? ‘साजिन च्चिगॉदो द्वेयो?’ फोटो काढला तरी चालेल? ‘खादु द्वेयो?’ कार्ड चालेल? ‘आन द्वेयो’ आलं की चालणार नाही. हे साचे तोंडात बसले की नवीन क्रियापद मिळेल तसं त्यात घालत जायचं. वीस सुटी वाक्यं पाठ करण्यापेक्षा ‘करून द्या’, ‘करून बघा’ आणि ‘केलं तरी चालेल’ हे तीन साचे प्रवासात जास्त पुरतात.

जिथं मराठी दगा देते ती जागा म्हणजे ‘तुम्ही’. आदर दाखवायचा म्हणून आपण शब्दकोशातला ‘तुम्ही’ शोधतो, तिथं ‘तांग्शिन’ सापडतो, आणि तो आपण एखाद्या काकांना लावतो. हा शब्द नवरा-बायकोत चालतो, जाहिरातीत चालतो आणि रस्त्यावरच्या भांडणात ‘ओ, तुम्ही कोण मोठे’ अशा सुरात चालतो. अनोळखी माणसाशी तो बोलूच नये. कोरियनमध्ये आदर सर्वनामात बसत नाही, क्रियापदाच्या शेपटीत बसतो. ‘तुमचं नाव काय’ असं विचारायचं नाही, तर ‘सॉङहामि ऑत्तॉखे द्वेसेयो?’, यात तुम्ही नाही, तुमचं नाही, आहे तो ‘नाव’ शब्दाचा आदरार्थी जुळा आणि आदरार्थी क्रियापद. उत्तर देताना मात्र स्वतःला आदर लावायचा नाही. ‘जेवलात?’ला ‘हो, जेवलात’ असं आपण म्हणत नाही, पण ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत करण्याच्या भरात कोरियनमध्ये नेमकं तेच होतं.

हाक कशी मारायची, हा त्यामुळे मोठाच प्रश्न. खानावळीत कुणाचंही लक्ष वेधायला ‘यॉगियो’ (इथं) किंवा ‘जॉगियो’ (अहो, तिकडे). आवाज चढवायला लाजू नये, हळू पुटपुटणाऱ्याकडे कुणी बघत नाही. मालकाला ‘साजांगनिम’, टॅक्सी किंवा बसच्या ड्रायव्हरला ‘गिसानिम’. वाढणाऱ्या बाई वयस्क असतील तर नेहमीची गिऱ्हाइकं ‘इमो’ म्हणतात, हल्ली ‘इमोनिम’. इमो म्हणजे आईची बहीण, थेट मावशी. आत्या नाही, काकू नाही. तीच निवड आपणही भाजीबाजारात आणि इस्पितळाच्या वॉर्डात केलेली आहे. ‘आजुम्मा’ हा टीव्हीमुळे आपल्याकडे पोचलेला शब्द तोंडावर वापरू नये, त्यात बाईंचं वय काढल्याचा वास येतो. वय विचारतात ते मात्र सरळ, पहिल्या पाच मिनिटांत, ‘म्यॉन् न्यॉन्सेङ’ म्हणजे जन्मसाल कोणतं. भोचकपणाचा भाग त्यात असेलही, पण समोरच्याशी क्रियापदाची कोणती शेपटी लावायची हे त्याशिवाय ठरत नाही. २८ जून २०२३ पासून कायद्यानं जन्मतारखेवरून मोजलेलं वय बहुतेक ठिकाणी लागू झालं, जन्मताच एक वर्षाचं धरायची जुनी पद्धत कागदोपत्री संपली. गप्पांत ती अजून डोकावते, म्हणून आकडा सांगण्यापेक्षा साल सांगावं. घोळ होत नाही.

जेवणाचं टेबल ही खरी परीक्षा. आत शिरताच ‘म्यॉत् प्पुनिसेयो?’, किती जण? इथं ‘पुन’ हा आदराचा शब्द त्यांनी तुमच्यासाठी वापरलाय. तुम्ही स्वतःसाठी ‘म्यॉङ’ म्हणायचं, ‘तु म्यॉङियो’, दोघं. एकटे असाल तर ‘हान म्यॉङियो’. मांस भाजायच्या ठिकाणी आणि पुष्कळ रश्शांच्या बाबतीत ऑर्डर दोन माणसांपासून सुरू होते, ती पाटीवर ‘इ इन्बुन’ म्हणून लिहिलेली असते. एकट्या माणसानं तिथं वाद घालू नये, उठून नूडल्सच्या दुकानात जावं. बसल्यावर चमचे-चॉपस्टिक दिसत नसतील तर टेबलाच्या कडेला हात घालून बघा, तिथं खण असतो. टेबलावर घंटीचं बटण असेल तर हाक मारायची गरज नाही, तेच दाबायचं. पाटीवर ‘मुरुन सेल्फु’ लिहिलंय, म्हणजे पाणी आपलं आपण घ्यायचं. सोबतच्या छोट्या वाट्यांतल्या भाज्या-लोणच्यांचे, म्हणजे पान्छानचे, पैसे नसतात आणि त्या पुन्हा मागता येतात: ‘पान्छान चोम तॉ जुसेयो’. मागून टाकून देऊ नये, एवढंच. बिल टेबलावर येत नाही, निघताना गल्ल्यावर द्यायचं. टिप नाही. टेबलावर ठेवलेली नोट विसरली समजून बाई रस्त्यावर धावत येतात.

भात आणि रस्सा चमच्यानं, बाकीचं चॉपस्टिकनं, आणि दोन्ही एकाच हातात एकाच वेळी धरायचं नाही. वाटी टेबलावरच राहते. जपानी-चिनी सवयीनं ती उचलून तोंडाशी नेणं इथं गबाळेपणाचं मानतात. शिवाय वाटी स्टीलची, झाकणाची, आणि भात वाफाळता, त्यामुळे उचलणाऱ्याची बोटं आपोआप शिकतात. चॉपस्टिकही धातूच्या, चपट्या आणि बारीक. लाकडीवर हात बसलेल्यांचीही इथं फजिती होते, कारण धातू घसरतो आणि घसरला की माणूस जास्त दाबतो. दाबलं की चपट्या काड्या एकमेकींवर आडव्या फिरतात आणि घास उडतो. धरायच्या वरच्या तिसऱ्या भागाशी. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर स्थिर, हलवायची फक्त वरची, टोकं एका पातळीत. ‘मुक’ नावाची, ओकच्या फळांच्या पिठाची तपकिरी थरथरती वडी मात्र चमच्यानंच खावी; तिच्याशी हट्ट करू नये. भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, ते पितरांच्या पानावरचं दृश्य आहे. सर्वांत वडील माणसानं चमचा उचलल्यावर ‘चाल मॉक्केस्सुम्निदा’ म्हणून सुरुवात, आणि उठताना ‘चाल मॉगॉस्सुम्निदा’. नाक टेबलावर शिंकरू नये. तिखटानं पाणी आलं तर पुसावं, शिंकरायचं बाहेर.

पिणं न पिणं तुमच्याकडे, पण ओतण्याचा विधी सगळ्यांना लागू आहे. स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही, दुसऱ्याचा भरायचा. बाटली उजव्या हातात, डावा हात बाटलीखाली किंवा उजव्या मनगटाला. घेणाऱ्यानं पेला दोन्ही हातांनी धरायचा. तीर्थ घेताना डावा हात आपोआप उजव्याखाली जातो, तितक्या सहज हे जमायला हवं. वडील माणसासमोर पिताना तोंड जरा बाजूला वळवतात. अर्धा पेला वरून भरणं ही आपली आग्रहाची पद्धत इथं चुकते. तो रिकामा होऊ द्यायचा आणि मग भरायचा, कारण उरलेल्यात घालणं पुन्हा श्राद्धाकडे जातं. न पिणाऱ्यानं ‘सुल मोन् माश्यॉयो’ म्हणून ‘साइदा’ मागवावं. नावावरून भिऊ नये, ते लिंबाच्या चवीचं गोड सोडावॉटर असतं. पेला रिकामा न ठेवता सगळ्यांबरोबर उचलला की कुणी आग्रह धरत नाही. पैसे, कार्ड, भेटवस्तू, काहीही देताघेताना हेच दोन हात.

आता शाकाहार. ‘कोगि आन मॉगॉयो’, मी मांस खात नाही, एवढं वाक्य अपुरं आहे आणि त्यातच पुष्कळांची फसगत होते. कोगि म्हणजे ताटात दिसणारं मांस. हॅम, खेकड्याच्या चवीची ‘मास्साल’ कांडी, माशाची ‘ऑमुक’ पोळी यांना स्वयंपाकी कोगि समजेलच असं नाही, आणि रश्शाचं पाणी तर हिशेबातच नसतं. त्वेन्जांग (आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा) किंवा सुंदुबू (मऊ टोफू) यांचा साधा दिसणारा रस्सा सुक्या मांदेलीसारख्या ‘म्यॉल्छि’ माशाच्या पाण्यात शिजतो. किमची माशाच्या द्रवात किंवा खारवलेल्या कोळंबीत मुरते. तॉकबोक्की म्हणजे तांदळाच्या कांड्या, पण त्याच्या रश्शात पुन्हा ऑमुक. बिबिम्बाप या भाज्या घालून कालवायच्या भातामधून मांस काढून मागता येतं, ‘कोगि प्पे जुसेयो’, पण काही ठिकाणी वरची लाल चटणीच खिम्यात परतलेली असते, म्हणून तीही विचारावी. किम्बाप, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पापडीत गुंडाळलेला भात, आधी गुंडाळून ठेवलेलं असेल तर काही काढता येत नाही. समोर गुंडाळून देणारं दुकान शोधावं आणि गुंडाळायच्या आधी सांगावं. पूर्ण वाक्य असं: ‘कोगि, सेङसॉन, हेसान्मुल आन मॉगॉयो. युक्सुदो आन द्वेयो.’ मांस, मासे, समुद्रातलं काही खात नाही, त्यांचं उकळलेलं पाणीही चालणार नाही. अंडं चालत असेल तर जोडावं, ‘केरानुन क्वेन्छानायो’. हे हांगुलमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून फोनवर ठेवावं आणि ऑर्डरच्या आधी दाखवावं, नंतर नाही.

उन्हाळ्यात ‘खोङ्गुक्सु’ मिळतं, थंडगार सोयादुधातल्या शेवया, मीठ आपण घालायचं. ते बहुधा निर्धोक. रस्त्यावरचा गूळ-दाण्यांच्या सारणाचा ‘होत्तॉक’ आणि थंडीतलं भाजलेलं रताळं, ही पोटाला आधार देणारी माणसं म्हणावीत अशी. खरी मेजवानी देवळांत आहे. बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मांस-मासे नाहीतच, वर पाच उग्र पदार्थ वर्ज्य: लसूण, कांद्याची पात, ‘पुछु’ आणि ‘ताल्ले’ या कांद्याच्याच जातीच्या पाती, आणि पाचवा ‘हुङगॉ’, म्हणजे साक्षात हिंग. संस्कृत हिंगु चिनीतून तिथं पोचला. कांदा-लसूण टाकल्यावर आपण ज्याच्या जिवावर वरण करतो तोच तिथं बाहेर. सोलमध्ये जोग्येसा मंदिरासमोर ‘बारु गोङ्याङ’ या ठिकाणी हे जेवण मिळतं. मठात राहायचं असेल तर २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी सुरू झालेली टेम्पलस्टेची सोय आहे. तिथल्या विधिवत जेवणात शेवटी वाडगं लोणच्याच्या तुकड्यानं पुसून, धुवून ते पाणीही प्यायचं असतं, हे आधी माहीत असलेलं बरं.

आकडे दोन प्रकारचे. वस्तू, माणसं आणि तास देशी आकड्यांनी: हाना, तुल, सेत. पैसे आणि मिनिटं चिनीतून आलेल्या आकड्यांनी: इल, इ, साम. साडेतीन म्हणजे ‘से शि साम्शिप् पुन’, एकाच वाक्यात दोन्ही. किमती मात्र आपल्याला चकवतात, कारण तिथं गठ्ठा हजाराचा नाही, दहा हजाराचा आहे. त्याला ‘मान’ म्हणतात. पंधरा हजार वॉन म्हणजे ‘मान ओछॉन वॉन’. लाख म्हणजे दहा मान, ‘शिम्मान’; दहा लाख म्हणजे शंभर मान, ‘पेङ्मान’; कोटी म्हणजे हजार मान. (प् चा म आणि क् चा ङ, पुन्हा तेच.) ऐकताना आधी ‘मान’ कुठं आला ते पकडायचं. तो निसटला तर किंमत दहापट चुकते. वस्तू मोजायचा नेमका शब्द आठवला नाही तर बोटं दाखवून ‘तु गे जुसेयो’, दोन द्या.

बस-मेट्रोचं थोडक्यात. टीमनी हे भाड्याचे पैसे भरून ठेवायचं कार्ड चढताना आणि उतरतानाही टेकवायचं. उतरताना विसरलात तर बदलीची सवलत जाते. ती सोलमध्ये दिवसा ३० मिनिटं असते. डब्याच्या टोकाची वृद्धांची आसनं रिकामी असली तरी तरुण बसत नाहीत. गर्भवतींची गुलाबी जागाही तशीच मोकळी सोडतात. गर्दीतून दाराकडे सरकताना ‘नेरिल्केयो’, उतरतोय. धक्का लागला तर कुणी वळून माफी मागणार नाही, मनाला लावून घेऊ नये. सोलच्या बसमध्ये उघडा कॉफीचा पेला घेऊन चढू देत नाहीत. अडचणीत १३३० हा पर्यटकांचा फोन, पोलीस ११२, रुग्णवाहिका ११९.

बोलायचं शिकून गेलेल्या माणसाची खरी कसोटी लागते ती समोरचा बोलायला लागल्यावर, आणि तो सर्वांत भरभर बोलतो ते चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानांत, सीयू किंवा जीएस२५ मध्ये. काउंटरवरचं पोर वर न बघता प्रश्नांची फैर झाडतं. सुदैवानं प्रश्न ठरलेले आहेत. ‘पोङथु फिर्योहासेयो?’ पिशवी हवी? तिचे पैसे वेगळे. ‘चॉङ्निफासेयो?’ पॉइंट जमा करता का? परदेशी माणसाला ‘आनियो’. ‘यॉङसुजुङ तुरिल्क्कायो?’ पावती देऊ का? ‘तेवॉ तुरिल्क्कायो?’ गरम करून देऊ का? सगळं कळलं नाही तरी शेवटचं ‘तुरिल्क्कायो’ ऐकू आलं की ‘देऊ का?’ असं विचारलंय हे नक्की. नको असेल तर तळहात किंचित उचलून ‘क्वेन्छानायो’, राहू द्या. हवं असेल तर ‘ने’. हा होकार त्यांच्या तोंडून पुष्कळदा ‘दे’ असा ऐकू येतो, त्यांच्या शब्दारंभीच्या ‘न’मध्ये नाक कमी असतं. आणि ‘ने’ म्हणताना आपली ती डावी-उजवीकडे डुलणारी मान आवरायची. तिथं तिचा अर्थ ‘नाही’ किंवा ‘माहीत नाही’ असा लागतो, आणि डबा मायक्रोवेव्हमध्ये न जाता थंडच्या थंड हातात येतो.